पाळीव उंदरांचा आहार आणि निगा

पाळीव उंदीर आपले दुखणे लपवतो. घुबडापासून कोल्ह्यापर्यंत सगळेच ज्याला टिपायला बसलेले असतात, अशा प्राण्याला अशक्तपणा उघडा करणे परवडत नाही आणि माणसाच्या घरात कित्येक पिढ्या काढूनही ही सवय त्याच्या अंगातून गेलेली नाही. त्यामुळे तो जेवणाकडे पाठ फिरवून कोपऱ्यात बसलेला दिसतो, तेव्हा दुखणे बहुधा आधीच काही दिवसांचे झालेले असते. म्हणूनच उंदीर पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी एक गोष्ट सांगते : खाणे घालण्याची वेळ हीच तपासणीची वेळ ठेवावी. रोज संध्याकाळी, म्हणजे हे प्राणी जागे होऊन हालचाल करू लागतात तेव्हा, प्रत्येकाला पहिला घास हातातून द्यावा आणि कोण धावत आला, कोण मागे राहिला, घास दोन्ही पुढच्या पायांत नीट धरला की हातून सुटला, खाताना श्वासाचा आवाज येतो का, हे पाहावे. या कामाला दोन मिनिटे पुरतात.

येथे ज्या उंदराविषयी सांगायचे आहे तो म्हणजे तपकिरी उंदराची, अर्थात रॅटस नॉर्वेजिकस या जातीची माणसाळलेली पिढी. मुठीत मावणारा इवलासा माऊस हा वेगळा प्राणी असून त्याची निगाही वेगळी असते. पूर्ण वाढलेली मादी साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते, तर नर अर्धा किलोच्या आसपास जातो. आयुष्य २ ते ३ वर्षांचे. रानातला किंवा गटारातला उंदीर पकडून माणसाळवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तो प्राणी पिंजऱ्यात भेदरलेलाच राहतो आणि त्याच्यापासून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार माणसाला होऊ शकतात.

सोबत

एकटा उंदीर पाळू नये. उंदीर कळपाने राहतात, एकमेकांच्या अंगावर रचून झोपतात, एकमेकांची मान आणि कानामागचा भाग स्वच्छ करतात, आणि माणूस कितीही वेळ देणारा असला तरी रात्रभर त्यांच्याबरोबर जागा राहू शकत नाही. दोन माद्या किंवा दोन नर, शक्यतो एकाच विणीतले, ही सुरुवातीसाठी उत्तम जोडी. नर आणि मादी एकत्र ठेवल्यास काय होते याचा हिशेब आधीच करून पाहावा. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेळी ८ ते १२ पिल्ले सहज होतात आणि विल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले स्वतःही पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येतात, म्हणून पाच आठवडे पूर्ण होण्याच्या सुमारास नर पिल्ले आई-बहिणींपासून वेगळी करावीच लागतात. दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण निघण्याचे प्रसंगही विरळ नाहीत.

जुन्या उंदरांत नवीन उंदीर आणायचा असेल, तर त्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, म्हणजे त्याने सोबत आणलेला संसर्ग जुन्यांना लागणार नाही. पुढची पहिली भेट कोणाच्याच मालकीची नसलेल्या जागी, उदाहरणार्थ कोरड्या न्हाणीघरात किंवा चादर अंथरलेल्या पलंगावर घडवून आणावी. थोडी ढकलाढकली, एकमेकांना पाठीवर पाडणे, चिरकणे हे चालायचेच. मात्र अंगावरचे केस पिंजारून, पाठ कमानीसारखी करून एखादा उंदीर तिरका तिरका सरकत दुसऱ्यावर चालून जाऊ लागला, तर जाड टॉवेल मध्ये टाकून दोघांना वेगळे करावे. उघडा हात मध्ये घालू नये.

आहार

उंदीर सर्वभक्षी आहे, पण तो काहीही खातो याचा अर्थ त्याला काहीही चालते असा होत नाही. रोजच्या आहाराचा मुख्य भाग उंदरांसाठी तयार केलेल्या एकसारख्या गोळीखाद्याचा, म्हणजे पेलेटचा असावा. रंगीबेरंगी बिया, दाणे आणि वाळलेले तुकडे एकत्र केलेले मिश्रण डोळ्यांना आकर्षक वाटते, परंतु उंदीर त्यातून सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे तेवढे वेचून खातो आणि उरलेले तसेच टाकतो. परिणामी तो लठ्ठ तर होतोच, शिवाय आवश्यक क्षारांना आणि जीवनसत्त्वांना मुकतो. पेलेटमध्ये निवडीला वाव राहत नाही. प्रौढ उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. वाढत्या पिल्लांना, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, तर प्रौढांना १४ ते १६ टक्के पुरेशी होतात. उतारवयात मूत्रपिंडे थकत असल्यामुळे त्या काळात प्रथिनांचा मारा टाळलेलाच बरा. पिल्लांचे खाद्य पुढे आयुष्यभर तसेच चालू ठेवणे ही फार सर्रास होणारी चूक आहे.

पेलेटच्या जोडीला रोज थोडा ताजा आहार द्यावा, पण तो एकूण खाण्याच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये. ब्रोकोली, मटार, काकडी, गाजर, ढोबळी मिरची, पालेभाज्या, बिया काढलेले सफरचंद आणि बेरीवर्गातली फळे त्यांना मानवतात. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा, शिजवलेले ओट्स, मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेले कडधान्य किंवा कोंबडीचे शिजवलेले मांस द्यायला हरकत नाही. गिनिपिगप्रमाणे उंदराला आहारातून क जीवनसत्त्व मिळण्याची गरज नसते, कारण ते तो शरीरातच तयार करतो. त्यामुळे केवळ त्या भीतीपोटी फळांचा भडिमार करू नये. उंदीर मधूनमधून स्वतःची विष्ठा खातो तेही स्वाभाविक आहे. आतड्याच्या शेवटच्या भागात तयार झालेली जीवनसत्त्वे त्याला त्या मार्गाने परत मिळतात.

काय देऊ नये, हे मात्र अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण उंदराला उलटी करता येत नाही आणि पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याजवळ नसतो. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले राजम्यासारखे कडधान्य, हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा, कच्चे रताळे, कांदा, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, बुरशी लागलेले काहीही आणि खारवलेले किंवा साखरेत घोळलेले पदार्थ पूर्णपणे वर्ज्य समजावेत. संत्र्याचा रस आणि साल नरांना देऊ नये. त्यांतील डी-लिमोनीन या घटकामुळे नर उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा होते, आणि ही इजा नर उंदरांपुरतीच असल्यामुळे माद्यांना ती होत नाही. पीनट बटर किंवा ताज्या पावाचा लगदा यांसारखे चिकट पदार्थ घशात अडकतात. असे झाले की उंदीर हनुवटी छातीशी ओढतो, लाळ गाळतो आणि पंजाने तोंड खरवडतो. अशा वेळी पाणी पाजू नये. समोरचे अन्न काढून घ्यावे आणि त्याला शांत जागी ठेवून लक्ष ठेवावे, कारण बहुतेक वेळा तो स्वतःच घास सोडवतो. श्वास घेता येत नसेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर मात्र एक क्षणही न दवडता पशुवैद्याकडे न्यावे.

नवा पदार्थ दिल्यावर उंदराने तो लगेच खाल्ला नाही, तर तो त्याला आवडला नाही असे समजू नये. उलटी न करू शकणारा हा जीव अनोळखी गोष्टीचा आधी कणभर भाग चाखतो, मग थांबतो आणि काही बिघडले नाही अशी खात्री झाल्यावरच उरलेल्याला तोंड लावतो. एकाने काही नवीन खाल्ले की दुसरा जवळ येऊन त्याचे तोंड हुंगतो आणि श्वासात आलेल्या त्या वासावरून पुढच्या वेळी तो पदार्थ निर्धास्तपणे खातो. म्हणून नवी भाजी आधी कळपातल्या धीट उंदराला द्यावी, बाकीच्यांची ओळख तोच करून देतो.

पाणी वजनाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर लागते, म्हणजे ४०० ग्रॅमचा नर ४० मिलिलिटरपर्यंत पितो. बाटलीतले पाणी रोज बदलावे, आणि बदलल्यावर नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून थेंब बाहेर येतो का ते पाहावे. बाटली काठोकाठ भरलेली दिसते, पण नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि उंदीर रात्रभर तहानलेला राहतो, हे मी पाहिले आहे. तेव्हापासून मी दोन बाटल्या लावते.

सगळे खाणे वाटीत ओतून देणे सोपे असले, तरी उंदराला शोधण्यात खरा आनंद असतो. पेलेट अंथरुणात विखरून टाकावेत, कागदी नळीत कोंबून तिची दोन्ही टोके मुडपावीत, किंवा पसरट थाळीत बोटाच्या पेराइतके पाणी घालून त्यात मटाराचे दाणे सोडावेत. पहिल्यांदा मादी काठावर उभी राहून एक पंजा पाण्यात घालते आणि झटकते, मग मिशा पुढे करून नाक पाण्यापर्यंत नेते, दाणा निसटतो, ती पुन्हा झेप घेते आणि अखेर तो दातात पकडून कोपऱ्यात पळते. तेथे दोन पायांवर बसून ती दाण्याची साल अलगद सोलून टाकते आणि आतला गर तेवढा खाते. ज्या दिवशी ती एरवीप्रमाणे या खेळाला आली नाही, तो दिवस मी वहीत नोंदवून ठेवते.

पिंजरा आणि त्यातली हवा

माझ्याकडे पहिले दोन उंदीर आले, तेव्हा पिंजऱ्यासोबत दुकानातून सिडारच्या लाकडाच्या किसाची पिशवीही मिळाली होती. त्याचा वास इतका प्रसन्न होता की तो प्राण्यांना बाधेल अशी शंकाही माझ्या मनात आली नाही. चौथ्या दिवशी दोघेही शिंकू लागले आणि एकाच्या नाकाभोवती लाल डाग दिसला. मी ते रक्त समजून त्याला घेऊन पशुवैद्यांकडे धावले. ते रक्त नव्हते. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते आणि तिच्यातून पॉर्फायरिन हे लालसर द्रव्य पाझरते. ताण, आजार किंवा नाकाला होणारी जळजळ यांमुळे ते वाढून डोळ्यांच्या आणि नाकाच्या कडांवर दिसू लागते. किस त्याच दिवशी बदलला आणि आठवड्याभरात शिंका थांबल्या, पण तो आठवडा मला फार जड गेला.

सिडार आणि प्रक्रिया न केलेले पाइन यांच्या लाकडातली सुगंधी द्रव्ये उंदरांच्या श्वासमार्गाला आणि यकृताला अपायकारक असतात, म्हणून अंथरुणासाठी कागदापासून बनवलेले, धूळ न उडणारे साहित्य किंवा स्वच्छ सुती कापड वापरावे. या बाबतीत इतका कडकपणा ठेवण्यामागे कारण आहे. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू बहुतेक सर्व पाळीव उंदरांच्या श्वसनसंस्थेत असतोच. पिल्लांना तो आईकडून मिळतो आणि त्याचा समूळ नायनाट होत नाही. तो शांत राहील की उसळेल, हे बऱ्याच अंशी उंदीर कोणती हवा श्वासात घेतो यावर ठरते. साचलेल्या मूत्रातून निघणारा अमोनिया, धूळ, सिगारेटचा धूर, अगरबत्ती, अत्तरांचे आणि जंतुनाशकांचे फवारे यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याला उसळण्याची संधी देते. पिंजऱ्याच्या उंचीवर आपले नाक नेऊन हुंगावे. आपल्याला वास झोंबला, तर त्या तळाशी चोवीस तास राहणाऱ्या प्राण्याला तो किती झोंबत असेल हे वेगळे सांगायला नको.

याच कारणास्तव काचेची टाकी उंदरांसाठी योग्य नाही, कारण तिच्यात हवा खेळत नाही. तारांचा, उंच आणि अनेक मजल्यांचा पिंजरा घ्यावा. पिल्ले आणि लहान माद्या यांच्यासाठी दोन तारांमधील अंतर १.२ सेंटिमीटरच्या आसपास असावे, कारण जेथून डोके जाते तेथून अंगही जाते. मजल्यांची जमीन तारेची नसावी आणि असल्यास तिच्यावर कापड किंवा सपाट फळी पसरावी, नाहीतर टाचांना जखमा होऊन त्या चिघळतात. उंचीवरून पडू नये यासाठी मध्ये फळ्या आणि कापडी झोळ्या टांगाव्यात. झोळी मिळाली की उंदीर दिवसाचा बराच वेळ तिच्यातच एकमेकांवर पडून काढतात. चाक द्यायचे असेल तर ते भरीव पृष्ठभागाचे आणि निदान ३० सेंटिमीटर व्यासाचे असावे. लहान चाकात पाठ वाकडी होते आणि दांड्यांच्या चाकात शेपटी अडकते.

ओले अंथरूण आणि ताज्या आहाराचे उरलेले तुकडे रोज काढावेत आणि आठवड्यातून एकदा पिंजरा साबणाच्या पाण्याने धुवावा. मात्र सर्व कापडे एकाच दिवशी बदलू नयेत. ओळखीचा वास पूर्णपणे पुसला गेला की उंदीर तो परत आणण्यासाठी सर्वत्र जोमाने मूत्राचे थेंब सोडतात आणि साफसफाई व्यर्थ जाते. एका कोपऱ्यात वेगळ्या साहित्याचा ट्रे ठेवला, तर विष्ठेसाठी बरेच उंदीर तो वापरायला शिकतात.

१८ ते २६ अंश सेल्सिअस तापमानात उंदीर सुखी असतात. ३० च्या वर त्यांना धोका संभवतो, कारण त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही आणि अंगातली उष्णता बरीचशी शेपटीवाटे बाहेर पडते. उष्माघात झालेला उंदीर तळाशी पसरून पडतो, लाळ गाळतो, धापा टाकतो आणि त्याची शेपटी हाताला गरम लागते. त्याची शेपटी आणि पावले साध्या थंड पाण्याने भिजवलेल्या कापडाने ओली करावीत. बर्फ लावू नये. पशुवैद्याकडे नेतानाही कापड ओलसर ठेवावे. पिंजरा थेट उन्हात कधीच ठेवू नये, आणि पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांना तर प्रखर उजेडही सोसत नाही. त्यांची दृष्टी मुळातच अधू असल्यामुळे ते डोके डावी-उजवीकडे डोलवून अंतराचा अंदाज घेतात. ते आजाराचे लक्षण नव्हे.

हाताळणी

उंदराला शेपटीला धरून कधीही उचलू नये, शेपटीची कातडी अक्षरशः सोलून निघू शकते. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून त्याला आपल्या अंगाशी धरावे. नवीन आलेल्या उंदराला पहिले काही दिवस फक्त हाताचा वास घेऊ द्यावा. हात आधी धुतलेले असावेत, कारण बोटाला अन्नाचा वास असला तर तो ते चावून पाहणारच. रोज निदान एक तास त्यांना पिंजऱ्याबाहेर, विजेच्या तारा झाकलेल्या आणि मांजर-कुत्र्यांपासून सुरक्षित असलेल्या जागी मोकळे सोडावे. दात करकर घासण्याचा आवाज येऊ लागला आणि त्याबरोबर डोळे लुकलुक आत-बाहेर होऊ लागले, तर घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा ते समाधानाचे चिन्ह असते. खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे स्वर काढतात, आणि आपल्या कानांची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपत असल्यामुळे ते आपल्याला ऐकू येत नाहीत.

आजार ओळखणे

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे या छंदातले सर्वांत उपयोगी साधन आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येकाचे वजन करून लिहून ठेवावे. ४०० ग्रॅमच्या उंदराचे वजन एखाद्या आठवड्यात ४० ग्रॅमने घटले, तर तो कितीही उत्साही दिसत असला तरी पशुवैद्याला दाखवावा. त्याच वेळी पाठीवर आपला कान टेकवून श्वास ऐकावा. निरोगी छातीतून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, तर खरखर, शिट्टीसारखा स्वर किंवा टकटक आवाज आल्यास उपचार लगेच सुरू करावे लागतात. पुढचे दात पिवळसर-नारिंगी असतात ते तसेच असायला हवेत. ते आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे ते वाकडे वाढून टाळूला टोचत नाहीत ना हे पाहावे.

माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी फार आढळतात. स्तनांच्या ऊती मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असल्यामुळे गाठ काखेत, कुशीत किंवा गळ्याजवळही येऊ शकते. यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्या झपाट्याने वाढतात आणि लहान असतानाच काढलेल्या बऱ्या. म्हणून वजनाच्या दिवशी संपूर्ण अंगावरून बोटे फिरवावीत. डोके एका बाजूला झुकणे हे कानाच्या संसर्गाचे किंवा मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी वाट पाहण्यात अर्थ नाही.

लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य उंदीर घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. प्रतिजैविके मनाने देऊ नयेत आणि दिलेला क्रम अर्धवट सोडू नये. कडू औषध केळ्याच्या अर्धा चमचा कुस्करलेल्या गरात मिसळून, इतरांपासून दूर, चमच्यावर धरून द्यावे. तीन-चार दिवस आधी औषधाविना तसाच चमचा चाटवला असेल, तर संशय येत नाही. माणसाच्या बाजूनेही थोडी सावधगिरी हवी. हाताळल्यानंतर हात धुवावेत, आणि उंदराने चावा घेतल्यावर किंवा ओरखडल्यावर काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर आपल्याकडे उंदीर आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दोन वर्षांच्या पुढे अनेकांचे, विशेषतः नरांचे, मागचे पाय अशक्त होतात. तेव्हा झोळ्या आणि फळ्या खाली आणाव्यात, पाण्याची बाटली बसल्या जागी तोंड पोहोचेल इतकी उतरवावी, पेलेट कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्यावेत आणि त्याचे त्याला पोहोचत नाही ते अंग ओल्या कापडाने पुसावे. तो खाणे सोडतो, श्वासासाठी झगडतो आणि उपचार उरत नाही, त्या वेळी पशुवैद्याकडून वेदनारहित शेवट मागणे हाही निगेचाच भाग आहे. जोडीतला एक गेल्यावर मागे राहिलेल्याकडे त्याच आठवड्यात अधिक लक्ष द्यावे. तो खाणे कमी करतो, झोळीत एकटा पडून राहतो. त्याची प्रकृती बरी असेल तर दोन तरुण उंदीर आणावेत. एकच आणू नये, कारण तरुणाची सगळी मस्ती त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला येते, आणि दोघे असले की ते एकमेकांशी खेळून दमतात व झोपायला त्याच्याच अंगाला चिकटतात.